विंगेतले काळे टी-शर्ट

नाटक बघताना ही माणसं आपल्याला दिसत नाहीत. आणि दिसलीच, तर समजावं, काहीतरी घोळ झालाय! रंगमंच व्यवस्थापक आणि त्याच्या बॅकस्टेज टीमच्या अंधाऱ्या ऑफिसात मारलेली ही एक चक्कर.

शनिवारची संध्याकाळ. आठवडाभर ज्या बॉसचं तोंड बघितलं, त्याला दोन दिवसांसाठी टाटा करून झालाय. पार्किंग मिळालंय, कॅण्टीनचा गरम बटाटेवडाही मिळालाय आणि तिसऱ्या घंटेच्या आत तुम्ही खुर्चीत टेकलाय. पडदा उघडतो. समोर दिवाणखाना. सोफा, टीपॉय, कोपऱ्यात फोन. दहाव्या मिनिटाला फोन वाजतो. नायक उचलतो, 'हॅलो' म्हणतो आणि पुढचे दोन तास तुम्ही त्याच्या घरातलेच होऊन जाता.

आता एक साधा प्रश्न. तो फोन वाजवला कुणी?

नाही ना आला मनात कधी? येऊ नये, यासाठीच तर विंगेतल्या अंधारात पाच-सात माणसं घाम गाळत असतात. स्टेजवरच्या फोनची वायर कुठेच जोडलेली नसते. पूर्वी विंगेत बसलेला माणूस बेलचं बटण दाबायचा, आता बहुतेक ठिकाणी साउंड ऑपरेटर लॅपटॉपची कळ दाबतो. पण वाक्य कोणतं, क्षण कोणता, हे तेव्हाही कुणीतरी कानात प्राण आणून ऐकत होतं आणि आजही ऐकतंय.

हे मला कसं माहीत? कारण एकदा तो फोन मी वाजवला होता. चुकीच्या वेळी.

हॅलो? ट्रिंग ट्रिंग!

कॉलेजची एकांकिका होती. मला अभिनय येत नाही हे पहिल्या वाचनातच सर्वानुमते ठरलं आणि माझी रवानगी बॅकस्टेजला झाली. माझ्या हातात लाकडी फळीवर बसवलेली, सेलवर चालणारी बेल दिली गेली. काम एकच. नायिकेचं ठरलेलं वाक्य संपलं की बटण दाबायचं. फोन वाजणार, ती उचलणार, वडील गेल्याची बातमी कळणार. एकांकिकेतला सगळ्यात गंभीर प्रसंग.

प्राथमिक फेरीत नायिकेनं ते वाक्य असं काही म्हटलं की मी बघतच राहिलो. बेल हातात, बोट बटणावर आणि डोळे तिच्यावर. बिचारी थांबली. फोनपाशी गेली. ओढणीनं त्यावरची धूळ पुसली. पुन्हा थांबली. शेवटी नाइलाजानं तिनं रिसीव्हर उचलला, 'हॅलो?' म्हणाली आणि नेमका तेव्हाच मी भानावर आलो. तिच्या हातातला फोन जोरजोरात वाजायला लागला!

अख्खं थिएटर हसलं. वडील वारले तरी हसलं.

विंगेत शेजारी आमचा रंगमंच व्यवस्थापक उभा होता. दोन वर्षांनी सीनिअर, आम्ही त्याला दादा म्हणायचो. मला वाटलं, आता मार पडणार. दादानं फक्त ओठांवर बोट ठेवलं आणि पुढच्या प्रवेशाचा चहाचा ट्रे माझ्या हातात दिला. नंतर त्यानं काय केलं, ते शेवटी सांगतो.

सूत्रधार विंगेत गेला

रंगमंच व्यवस्थापक म्हणजे तुमच्या-आमच्या भाषेत नाटकाचा प्रोजेक्ट मॅनेजर. फरक एवढाच, की त्याची डेडलाइन रोज असते, एक्स्टेन्शन मिळत नाही आणि क्लायंट समोर अंधारात बसून सगळं बघत असतो. सेट लावणारे, प्रॉपर्टी सांभाळणारे, कपडेपट बघणारे, रंगभूषाकार, लाइट आणि साउंडचे ऑपरेटर या सगळ्यांची घड्याळं जुळवायची, कलाकार वेळेवर आलेत ना बघायचं, घंटा द्यायच्या, पडदा उघडायला लावायचा आणि तो पडेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. थोडक्यात काय, तर दिग्दर्शकाचं काम शुभारंभाच्या प्रयोगाला बरंचसं संपतं, याचं तिथून सुरू होतं.

गंमत म्हणजे आपल्या परंपरेत हा माणूस चक्क समोर उभा असायचा. संस्कृत नाटकाची सुरुवातच सूत्रधारानं व्हायची. सूत्र म्हणजे दोरा, तो हातात धरणारा तो सूत्रधार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्यातही सूत्रधार रंगमंचावर उभा राहून पदं म्हणत गोष्ट पुढे न्यायचा. आज नाटकाच्या जाहिरातीत 'सूत्रधार' म्हणून नाव छापलं जातं, ते तारखा, थिएटर, बुकिंग आणि कलाकार यांची मोट बांधणाऱ्या माणसाचं. शब्द तोच राहिला, माणूस मात्र प्रकाशातून विंगेत गेला. दोरा अजून त्याच्याच हातात आहे, हे फक्त आपल्याला दिसत नाही.

रोज नवं घर

लंडनला गेलेले मित्र कौतुकानं सांगतात, 'तिथे 'द माउसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे!' खरं आहे. पण त्यातली मेख लक्षात घ्या. १९७४ पासून ते नाटक एकाच थिएटरात आहे. तिथला सेट रात्री तिथेच झोपतो, सकाळी तिथेच उठतो.

आपल्याकडे नाटक म्हणजे रोजचं बिऱ्हाड. समजा, शनिवारी रात्री ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात प्रयोग आहे, रविवारी दुपारी पार्ल्याच्या दीनानाथला आणि पुढच्या वीकेण्डला पुण्याच्या बालगंधर्वला. प्रत्येक ठिकाणी तोच दिवाणखाना नव्यानं उभा करायचा. रंगमंच कुठे रुंद, कुठे खोल, कुठे विंगेत जेमतेम दोन माणसं मावतील एवढीच जागा. दिवाणखाना मात्र तेवढाच दिसला पाहिजे. घर बदलताना आपण पॅकर्स अ‍ॅण्ड मूव्हर्स बोलावतो आणि पुढे आठवडाभर कंबर धरून बसतो. ही माणसं आठवड्यातून तीन-चार वेळा घर हलवतात. वर त्याच संध्याकाळी त्या घरात आठशे-नऊशे पाहुणे!

त्यात नाट्यगृहाचं सत्रांचं गणित. सकाळ, दुपार, रात्र. तुमच्या आधी दुसऱ्या कुणाचं नाटक असतं. त्यांचा पडदा पडतो तेव्हा तुमची बस दारात उभी. एका दारानं त्यांचा राजवाडा बाहेर पडतोय आणि दुसऱ्या दारानं तुमचा टू बीएचके आत शिरतोय. म्हणूनच आपल्या नाटकांचे सेट घडी घालता येतील, बसच्या टपावर चढतील असे बनवलेले असतात. कुठला फ्लॅट आधी उतरवायचा, कुठली लेव्हल कशावर ठेवायची, हे ठरलेलं असतं. चप्पल काढून, रंगमंचाला हात लावून नमस्कार करायचा आणि लगेच दोऱ्या आवळायला लागायचं. भक्ती आणि हमाली यांच्यात मिनिटाचंही अंतर नाही.

अंधाराचा ड्रेस कोड

तुमच्या ऑफिसात फ्रायडे ड्रेसिंग असेल, इथे सातही दिवस ब्लॅक. काळा टी-शर्ट, काळी पॅण्ट, पायात आवाज न करणारं काहीतरी किंवा काहीच नाही. ब्लॅकआऊट झाला की स्टेजवर धावायचं, सोफा हलवायचा, टेबलावरचा चहा उचलून तिथे औषधाच्या बाटल्या ठेवायच्या आणि लाइट येण्याआधी पसार व्हायचं. अंधारात वाट दाखवायला जमिनीवर रेडियम टेपचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात. पाठ करायची ती पावलंच. आठवं पाऊल टाकायच्या जागी नववं टाकलं, तर नडगी आणि टीपॉय यांची भेट ठरलेली. आणि ओरडायची सोय नाही!

विंगेत एक टेबल असतं. त्यावर चष्मा, पत्र, पिस्तूल, पर्स, किल्ल्या असं सगळं एन्ट्रीच्या क्रमानं मांडलेलं असतं. त्या टेबलाला हात लावायचा नाही, हा बॅकस्टेजचा पहिला कायदा. एखाद्या नवख्या नटानं तिथली खोटी पर्स सहज उचलून दुसरीकडे ठेवली, तर दुसऱ्या अंकात चोरी कशाची करायची?

सगळ्यात थरारक प्रकार म्हणजे झटपट कपडे बदलणं. आचार्य अत्र्यांच्या १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर पाच भूमिका करायचे आणि रंगमंच चक्क फिरता होता. भरत जाधवनं २००२ पासून 'सही रे सही'मध्ये चार भूमिका केल्या. एका दारानं गेलेला माणूस क्षणात दुसऱ्या दारानं वेगळ्या कपड्यांत येतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या नटाला मिळतात, मिळायलाच हव्यात. पण त्या क्षणात विंगेत कुणीतरी शर्ट उघडा धरून उभं असतं, कुणी विग, कुणी बूट. फॉर्म्युला वनच्या पिट स्टॉपला चाकं बदलतात ना, अगदी तसं. फक्त इथे चाक घामेजलेलं असतं आणि त्याला पुढचं वाक्यही आठवायचं असतं.

विंगेतली डिक्शनरी

*नाइट:* एका प्रयोगाचं मानधन. प्रयोग सकाळी अकराचा असला तरी नाइटच.

*दोन मिनिटं:* मेकअप रूममधून येणारं उत्तर. अर्थ : अजून दहा मिनिटं.

*प्रॉपर्टी:* हिच्यासाठी होम लोन लागत नाही. कपबशी, काठी, पेपर, उशी वगैरे.

*व्हिस्की:* गार झालेला कोरा चहा. नट जितका तोंड वाकडं करतो, तितका चहा कडू.

*पोहे:* स्टेजवर खरे असतील, तर नायक चार घास खातो. उरलेल्यांचा हिशेब विचारू नये.

*ब्लॅकआऊट:* मोजक्या सेकंदांत बेडरूमचं पोलीस स्टेशन करण्याची परवानगी.

*'काही नाही':* 'काय झालं?' या प्रश्नाला व्यवस्थापकाचं उत्तर. अर्थ : बरंच काही झालंय, पण तुम्ही एन्ट्री घ्या.

हसायचं, पण आवाज न करता

या लोकांच्या विनोदाची जात वेगळीच. आमच्या ग्रुपमध्ये नव्या मुलाला पहिल्या दिवशी 'फेड आऊटची किल्ली' आणायला पिटाळायचे. मीही कॅण्टीनपर्यंत जाऊन चौकशी करून आलोय. कॅण्टीनवाल्यानं गंभीर चेहऱ्यानं मला वरच्या मजल्यावर पाठवलं, म्हणजे तोही सामील!

पण नीट बघितलं, तर या विनोदामागे एक गरज आहे. ऑफिसात कुणी घोळ घातला तर आपण मीटिंग बोलावतो, लांबलचक मेल टाकतो, सीसीत चार माणसं घेतो. विंगेत यातलं काहीच शक्य नाही. दहा फुटांवर प्रयोग चालू असतो. ओरडायचं नाही, भांडायचं नाही, रडायचंही नाही. चूक कुणाची, हे मध्यंतरापर्यंत बाजूला ठेवून आधी ती निस्तरायची. दार अडकलं? आतून धरून ठेव. पत्र सापडत नाही? कुठलाही कागद दे. अशा वेळी तणाव बाहेर पडायला एकच वाट उरते, ती म्हणजे तोंड दाबून हसण्याची. मध्यंतरात चहा हातात येईपर्यंत मघाची चूक किस्सा झालेली असते. आणि किस्सा झाला की माणूस दुसऱ्या अंकाला तयार होतो.

हा खजिना नाटककारांच्याही नजरेतून सुटलेला नाही. इंग्लिश नाटककार मायकेल फ्रेन यांनी १९८२ साली 'नॉइजेस ऑफ' हा फार्स रंगमंचावर आणला. त्याच्या दुसऱ्या अंकात सेट उलटा फिरतो आणि पहिल्या अंकात पाहिलेलं नाटक आपण मागच्या बाजूनं बघतो. पण आपल्या गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' त्याच्याही दोन वर्षं आधीचं, १९८० सालचं. कोकणातल्या गावात हौशी मंडळी पौराणिक नाटक उभं करतात आणि त्याचा जो काही बोऱ्या वाजतो, तेच नाटक! मच्छिंद्र कांबळींनी ते मालवणीसकट साता समुद्रापार नेलं. ज्यानं एकदा तरी विंगेत उभं राहून घाम पुसलाय, त्याला 'वस्त्रहरण' बघताना दुप्पट हसू येतं. निम्मं हसू विनोदाचं आणि निम्मं 'अरे, हे आमच्याकडेही झालं होतं'चं.

प्रयोग नाही, तर नाइट नाही

आता जरा हसू बाजूला ठेवू या. डिक्शनरीतला पहिला शब्द पुन्हा वाचा. नाइट. या मंडळींची कमाई बहुतांशी प्रयोगागणिक होते. प्रयोग झाला, पैसे मिळाले. प्रयोग रद्द झाला, कारण काहीही असो, त्या दिवसाची पाटी कोरी. पावसाळा, परीक्षा, निवडणुका, क्रिकेटची फायनल, नटाचा घसा या सगळ्यांचा परिणाम थेट यांच्या स्वयंपाकघरावर. आपल्याला महिन्याच्या एक तारखेची सवय असते. यांच्या कॅलेंडरवर प्रयोगांच्याच तारखा असतात.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. आपण लॅपटॉप उघडून घरून काम सुरू केलं, म्यूटवर राहून भाजी निवडली. पण सेट घरून कसा लावणार? निम्म्या प्रेक्षकांची परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० ला, नेमकी मराठी रंगभूमी दिनाच्या दिवशी. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेनं पुन्हा कुलूप लावलं. ते निघालं २२ ऑक्टोबर २०२१ ला, आणि तेव्हाही निम्म्याच खुर्च्यांसाठी. तिकिटं निम्मी झाली म्हणून सेट निम्मा होत नाही, बसचं डिझेल निम्मं लागत नाही आणि सोफा उचलायला माणसंही तेवढीच लागतात. अशा हिशेबात किती निर्माते प्रयोग लावणार? मधल्या काळात नटांना निदान मालिका होत्या, ओळखीचा चेहरा होता. काळ्या टी-शर्टला चेहरा कुठून येणार? ज्याला जे काम मिळालं, ते त्यानं धरलं. रंगभूमीवरच्या सहकाऱ्यांनी आणि संस्थांनी हात पुढे केले, शिधा आणि पैसे पोहोचवले. पण मदत ती मदत, नाइट ती नाइट.

नाटकवाल्यांच्या जगात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते संध्याकाळी रंगमंचावर उभे राहिले. ऐकताना आजही काटा येतो. पण मला हल्ली वाटतं, विंगेतल्या किती जणांनी घरचं दुखणंखुपणं, एखादी वाईट बातमी खिशात घालून पडदा ओढला असेल? त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती कुणाला कळलेलीच नसते. आणि न कळणं हाच तर त्यांच्या कामाचा नियम!

पुढच्या शनिवारी

तर मंडळी, पुढच्या शनिवारी नाटकाला जाल तेव्हा दोन-तीन गोष्टी करा. काहीच खर्च नाही. तिसऱ्या घंटेच्या आत बसा, कारण ती घंटा देणारा माणूस दोन तास पळून आता कुठे उभा राहिलाय. मोबाइल खरोखर बंद करा. स्टेजवरचा फोन वाजला की वाजवणाऱ्याचं टायमिंग बघायचं आणि तेवढ्यात तुमचाच वाजला, तर त्याची आणि तुमची दोघांचीही फजिती. सुरुवातीच्या निवेदनात रंगमंच व्यवस्थेची नावं येतात, ती जरा कान देऊन ऐका. आणि शेवटी सगळे कलाकार ओळीनं उभे राहिले की लगेच पार्किंगकडे धूम ठोकू नका. कधीकधी नट विंगेकडे हात करतात आणि तिथून दोन-तीन काळे टी-शर्ट संकोचत पुढे येतात. त्यांच्यासाठी थोडी जोरात वाजवा.

आणि हो, दादाचं राहिलं. त्या फोनच्या घोळानंतरही आमची एकांकिका अंतिम फेरीत गेली, ती बहुधा नायिकेच्या धूळ पुसण्यावर खूश होऊन. अंतिम फेरीच्या दिवशी मी बेलपासून लांब, खुर्च्या मोजत उभा होतो. ती जबाबदारी आता दुसऱ्या कुणाकडे जाणार, हे मी गृहीतच धरलं होतं. दादा आला. त्यानं बेलमध्ये नवे सेल घातले, एकदा दाबून बघितली आणि माझ्याच हातात ठेवली. म्हणाला, 'तू आता कधीच चुकणार नाहीस.'

त्या संध्याकाळी मी नायिकेकडे बघितलं नाही, डोळे मिटून फक्त ऐकलं. वाक्य संपलं, बेल वाजली, तिनं फोन उचलला. थिएटरमध्ये चिडीचूप. मागच्या रांगेतून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

फोन कुणी वाजवला, हे कुणालाच कळलं नाही. दादानं अंधारातच पाठीवर थाप मारली आणि चहाचा ट्रे पुढे केला.